ब्लॅक स्पॉट नाही म्हणजे रस्ता सुरक्षित आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुमच्या तालुक्यातून जाणाऱ्या राज्यमार्गाच्या १८ किलोमीटरच्या पट्ट्यात दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी दगावतं. ग्रामपंचायतींनी ठराव दिले. त्यावर उत्तर आलं, ‘सदर लांबीमध्ये निकषानुसार एकही ब्लॅक स्पॉट आढळून येत नाही.’ हे उत्तर खरं की टोलवाटोलवी, आणि धोक्याची जागा शास्त्रशुद्ध ओळखायची कशी, असं तुम्ही विचारलंय.

उत्तर खरं आहे, आणि टोलवाटोलवीही आहे. निकष लावून बघितला तर तुमच्या रस्त्यावर बहुधा खरंच एकही ब्लॅक स्पॉट निघणार नाही. पण तो निकष ठिपके, म्हणजे एकेक सुटी जागा, शोधण्यासाठी केलेला आहे आणि तुमचं दुखणं पट्ट्याचं आहे. मी आधी रस्त्याच्या बांधकामात आणि नंतर सुरक्षा तपासणीत मिळून तीसेक वर्षं काढली. त्यातली निम्मी वर्षं मीही ठिपकेच शोधत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा निकष असा आहे: साधारण ५०० मीटर लांबीत, मागच्या तीन कॅलेंडर वर्षांत मिळून, मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेले ५ अपघात, किंवा एकूण १० मृत्यू. तो मुळात राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे, पण राज्यमार्गांनाही सर्रास तोच लावतात. महामार्गावर तो ठीक चालतो, कारण तिथे रहदारी दाट आणि अपघात मुबलक. २०२२ साली देशात १ लाख ६८ हजारांवर माणसं रस्त्यावर मेली. त्यातले छत्तीस टक्के मृत्यू राष्ट्रीय महामार्गांवरचे होते आणि हे महामार्ग देशातल्या रस्त्यांच्या लांबीच्या दोन टक्क्यांच्या आसपास आहेत. एवढ्या दाटीत ठिपके आपोआप उठून दिसतात.

आता तुमचा रस्ता घ्या. दर अडीच महिन्यांनी एक गंभीर अपघात धरला तर तीन वर्षांत चौदा-पंधरा होतात. १८ किलोमीटरचे ५०० मीटरचे तुकडे पडतात ३६. समजा या ३६ तुकड्यांचा धोका अगदी सारखा आहे, कुठेही काही विशेष वाईट नाही, आणि पंधरा अपघात निव्वळ योगायोगाने विखुरले. तर गणित सांगतं की साधारण २४ तुकड्यांवर एकही अपघात नसेल, दहाएक तुकड्यांवर एकेक असेल आणि दोन तुकड्यांवर दोन-दोन. म्हणजे कुठलाही दोष नसताना दोन जागी ‘इथे सारखं होतं’ असं वाटेल. तिथे लोक नारळ फोडतील, एखादं छोटं देऊळ उभं राहील. उलट निकषाच्या पाच अपघातांपर्यंत जायला एखादी जागा भलतीच वाईट लागेल. अख्खा पट्टा वाईट असेल पण सारखाच वाईट असेल, तर तो या चाळणीतून निसटणारच.

चाळणी कशी धरता यावरही बरंच ठरतं. हे उदाहरण मी प्रत्येक प्रशिक्षणात फळ्यावर काढायचो. किमी ४२/३५० (म्हणजे ४२ किलोमीटर आणि पुढे ३५० मीटर), ४२/४२०, ४२/४८०, ४२/५३०, ४२/५९० आणि ४२/७०० असे सहा अपघात आहेत. कार्यालयातल्या तक्त्यात तुकडे ठरलेले असतात: ४२/००० ते ४२/५००, पुढे ४२/५०० ते ४३/०००. पहिल्यात तीन, दुसऱ्यात तीन, दोन्ही निकषाबाहेर. आता तीच ५०० मीटरची पट्टी ४२/३०० ला ठेवा, सहाच्या सहा आत येतात. म्हणून पट्टी पन्नास-शंभर मीटरनी पुढे सरकवत न्यायची असते, मैलाच्या दगडाशी बांधून ठेवायची नसते. कागद तेच, अपघात तेच, पण सरकवली नाही तर ब्लॅक स्पॉट नाही. तुमच्या बाबतीत तुकडे कसे पाडले होते हे लेखी विचारा.

पण हे सगळं नंतरचं. आधी अपघात नक्की कुठे झाला हे कळलं पाहिजे, आणि माझ्या अनुभवात निम्मा वेळ इथेच जातो. फिर्यादीत लिहिलेलं असतं, ‘मौजे अमुक गावच्या शिवारात, तमुक हॉटेलसमोर, रोडवर’. ते हॉटेल चार वर्षांपूर्वी बंद पडलेलं. गावाचं शिवार तीन किलोमीटर लांब. आता ई-डार ही अपघातनोंदीची सरकारी ऑनलाइन प्रणाली आहे, पोलिसांनी घटनास्थळी मोबाइलवरून जीपीएससह नोंद करायची असते, आणि त्याने पुष्कळ फरक पडलाय. तरी एका ठाण्याचा नकाशा मी उघडला तेव्हा बरेचसे अपघात ठाण्याच्या फाटकात झालेले दिसले. धावपळीत जखमींना आधी हलवलं, नोंद परत आल्यावर खुर्चीत बसून केली. हवालदाराला दोष देऊन उपयोग नाही, त्या रात्री तो एकटा होता.

अशा वेळी माझा भरवशाचा कागद म्हणजे घटनास्थळ पंचनामा. त्यात चतुःसीमा लिहिलेली असते: पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा, उत्तरेस मोरी, दक्षिणेस गावाकडे जाणारा रस्ता. गट नंबर मिळाला की तलाठ्याच्या नकाशावर जागा पंचवीस-तीस मीटरच्या आत सापडते. टायर घासल्याच्या खुणा किती फुटांच्या, गाडी कुठल्या दिशेला तोंड करून पडली होती, हेही तिथेच. पंचनामे वाचायला कंटाळवाणे असतात, पण रस्त्याच्या अभियंत्यासाठी याहून चांगलं साहित्य नाही.

माहितीच्या अधिकारात मागताना फिर्यादींच्या नकला मागू नका, तपास चालू आहे म्हणून नकार येतो. नावं आणि गाडीनंबर वगळून तक्ता मागा: तारीख, वेळ, ठिकाणाचं वर्णन, वाहनांचे प्रकार, धडकेचा प्रकार, मृत, गंभीर, किरकोळ. १ जुलै २०२४ नंतरचे गुन्हे भारतीय न्याय संहितेखाली आहेत, तेव्हा मृत्यूसाठी कलम १०६(१) आणि गंभीर दुखापतीसाठी १२५(ब) शोधा. त्याआधीचे जुने ३०४-अ आणि ३३८. यात एक खाच आहे. पूर्वी हाड मोडणं वगैरे नसलं तर वीस दिवस तीव्र वेदना किंवा रोजची कामं करता न येणं म्हणजे ‘गंभीर’ होतं, नव्या कायद्यात पंधरा दिवस झालं. म्हणून २०२४च्या मध्यानंतर गंभीर जखमी थोडे वाढलेले दिसले तर लगेच रस्त्यावर खापर फोडू नका.

दुसरी गळती रुग्णालयाची. जखमी ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याला, तिथून मोठ्या शहरात जातो आणि नवव्या दिवशी मरतो. अकस्मात मृत्यूची नोंद शहरातल्या ठाण्यात होते, कागद तुमच्या ठाण्याकडे मागाहून येतात, गुन्ह्यात कलम वाढतं, पण वर्षअखेरच्या तक्त्यात तो ‘गंभीर’च राहतो. मृत्यू आणि गंभीर दुखापत मी एकाच खान्यात मोजतो, त्याचं हे एक कारण. दुसरं कारण असं की त्याच धडकेत हेल्मेट होतं की नव्हतं, १०८ची गाडी किती मिनिटांत आली, यावर मेला की वाचला हे ठरतं. रस्त्याचा दोष दोन्हीत एकच. फक्त मृत्यू मोजले की आकडे इतके कमी होतात की त्यातून काहीच बोलता येत नाही.

१०८ सेवेकडे जखमींना कुठून उचललं याच्या नोंदी असतात, राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ वरचे फोन असतात, टोलनाक्यावर क्रेनची वही असते. पोलिसांपर्यंत न पोचलेले अपघात तिथे सापडतात. आणि पंक्चरवाला. पंक्चरवाल्याला विचारल्याशिवाय मी कुठलाही अहवाल पुरा केलेला नाही.

जागा सापडल्या की एका लांब कागदावर रस्ता काढा आणि प्रत्येक अपघात बाणांनी दाखवा. कोण कुठून येत होतं, कोण कुठे वळत होतं. पादचाऱ्यासाठी तुटक बाण. शेजारी महिना आणि वेळ. याला आम्ही धडकेचं चित्र म्हणतो. संगणकावरचे लाल ठिपके दिसायला छान, पण ते ‘किती’ सांगतात, ‘कसं’ सांगत नाहीत. समोरासमोर, मागून, वळताना आडवी, पायी चालणाऱ्याला, एकटीच गाडी रस्ता सोडून झाडावर: या पाचांचा इलाज पाच वेगळा आहे.

महिना लिहायला मी कसा शिकलो ते सांगतो. पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या टापूतली एक जागा. राज्यमार्गाला सौम्य वळण आणि वळणाच्या आतल्या बाजूने गावरस्ता येऊन मिळतो. तिथे मोटरसायकलवाले मरत होते. आम्ही मे महिन्यात गेलो. खात्याच्या तपासण्या बहुतेक एप्रिल-मेमध्येच होतात, पाऊस नसतो आणि नव्या वर्षाचा निधी आलेला असतो. गावरस्त्याच्या तोंडाशी उभे राहिलो, टेप लावली, दोन्हीकडे दीडशे मीटरच्या पुढे स्वच्छ दिसत होतं. अहवालात लिहिलं, ‘दृश्यता समाधानकारक, चालकांचा निष्काळजीपणा.’ सही केली.

पुढच्या वर्षी आणखी दोघं गेले. तेव्हा कुठे मी धडकेचं चित्र काढलं आणि शेजारी महिने लिहिले: सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, नोव्हेंबर, जानेवारी. उन्हाळ्यात एकही नाही. समोरच्या चहावाल्याला विचारलं तर तो सहज म्हणाला, “साहेब, तुम्ही ऊस तुटल्यावर येता.” नोव्हेंबरात गेलो. वळणाच्या आतल्या कोपऱ्यात दोन पुरुष उंचीचा ऊस, थेट साइडपट्टीपर्यंत. मोटरसायकलवर बसून गावरस्त्याच्या तोंडाशी थांबलो तर येणारी गाडी चाळीस मीटरवर आल्यावर दिसत होती. ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. त्या माणसाच्या हातात पावणेदोन सेकंद होते. आणि महामार्गावरच्या चालकाला त्या वेगात डोळ्यांनी पाहून, ब्रेक मारून गाडी थांबवायला साधारण सव्वाशे मीटर लागतात. माझ्या अहवालातला ‘निष्काळजीपणा’ कुणाचा होता, हे मला त्या दिवशी कळलं.

कोपऱ्यातल्या पाच-सहा गुंठ्यांत सोयाबीन घ्यायला शेतकरी तयार झाला. चांगला माणूस. दोन वर्षांनी त्याने रान वाट्याने दिलं आणि तिथे परत ऊस. शेवटी गावरस्त्याचं तोंड वळणाच्या बाहेर, सरळ लांबीत नेऊन सोडलं, तेव्हा मिटलं. ज्या इलाजाला दरवर्षी कुणाची तरी मर्जी राखावी लागते त्यावर मी तेव्हापासून फार भिस्त ठेवत नाही.

अपघात होतो ती जागा आणि अपघात शिजतो ती जागा एक असेलच असं नाही. पुण्याचा नवले पूल सगळ्यांना माहीत आहे. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री एका अवजड वाहनाने तिथे एकामागून एक कितीतरी गाड्या चिरडल्या आणि तो पूल देशभर बातम्यांत गेला. पण दोष पुलापासून सुरू होत नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की मुंबई-बंगळुरू महामार्गाचा लांबलचक उतार लागतो. डिझेल वाचवायला कुणी न्यूट्रलमध्ये गाडी सोडतो, कुणी वरच्या गिअरमध्येच फक्त ब्रेकवर उतरतो. ब्रेकचे ड्रम तापतात, ब्रेक पकड सोडतात, आणि जिथे शहराची गर्दी सुरू होते तिथे, म्हणजे पुलाच्या आसपास, गाडी हाताबाहेर जाते. नकाशावर ठिपका पुलावर पडतो. नुसत्या ठिपक्यावर काम करायचं म्हटलं तर पुलाशी पट्टे मारा, दिवे लावा, पाट्या लावा. उतरणाऱ्या ट्रकचे ब्रेक मात्र त्याआधीच गेलेले असतात. इलाज वर, बोगद्याच्या तोंडाशी लागतो: तिथेच वेग कमी करवणं, खालच्या गिअरमध्ये टाकायला लावणं, ब्रेक थंड करायला थांबा, उताराच्या पूर्ण लांबीवर वेगाची नोंद. बोरघाटात खोपोलीकडे उतरताना हेच दुखणं आहे. म्हणून चढ-उतार असेल तिथे मी पट्टा ठिपक्यापासून मागे, उताराच्या माथ्यापर्यंत धरतो.

ठिपकेच नसलेल्या रस्त्याचं उदाहरण समृद्धी महामार्ग. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली, २५ जण गेले. त्यानंतर तिथे जाऊन ‘जागा’ तपासणारे पुष्कळ होते. पण अशा रस्त्यावर मैलोन्मैल सरळ, एकसुरी लांबी असते. गुंगी येणं, टायर फुटणं, कडेला उभ्या ट्रकवर मागून आदळणं, हे कुठेही होऊ शकतं. आज इथे, पुढच्या वेळी ऐंशी किलोमीटर पुढे. तिथे विचारायचं ते असं: डुलकी लागली तर गाडी कशावर आदळेल? खांब, पुलाचा उघडा कठडा, क्रॅश बॅरियरचं भाल्यासारखं टोक, की काही नाही? आणि थांबायला जागा किती अंतरावर?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ पासून याच धर्तीवर काम झालं. सेव्हलाइफ फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था, रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि इतरांनी मिळून सगळा ९४ किलोमीटरचा मार्ग एक पट्टा म्हणून हाती घेतला. पुलाचे खांब, उघडे कठडे, बॅरियरची टोकं, एकेक करून नोंदवली आणि झाकली, सोबत उभ्या वाहनांवर आणि वेगावर कारवाई. २०१६ ला तिथे दीडशेच्या वर मृत्यू होते, चार-पाच वर्षांत ते अर्ध्याहून कमी झाले. त्यातला किती वाटा कशाचा यावर वाद घालता येईल, मीही घालतो. पण कठड्यांची यादी करायला कुणाच्या मरणाची वाट बघावी लागली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता तुमच्या पट्ट्याची जिल्ह्यातल्या दुसऱ्या रस्त्यांशी तुलना. ‘आमच्याकडे जास्त अपघात’ म्हटलं की ‘तुमच्याकडे रहदारी जास्त’ हे उत्तर ठरलेलं. म्हणून वाहन-किलोमीटर काढा. समजा दिवसाला ६,००० वाहनं जातात. ६,००० गुणिले ३६५ गुणिले ३ वर्षं गुणिले १८ किलोमीटर, म्हणजे ११.८ कोटी वाहन-किलोमीटर. पंधरा अपघात धरले तर कोटीला १.३ च्या आसपास. असाच आकडा शेजारच्या दोन-तीन राज्यमार्गांचा काढा. मोजणी मात्र चोवीस तासांची आणि बाजाराच्या दिवसासकट हवी. दुपारी दोन तास मोजून चोवीसने गुणलेली मोजणी मी पाहिलेली आहे.

पण या दरालाही फसू नका. आडबाजूचा एक रस्ता, ५ किलोमीटर, दिवसाला ३०० वाहनं. तीन वर्षांत एक अपघात झाला तरी दर कोटीला सहाच्या वर जातो, तुमच्या जवळजवळ पाचपट. तो रस्ता पाचपट धोक्याचा नाही, त्याच्या वाट्याला एक वाईट दिवस आला एवढंच. पैसे मर्यादित असतात, तेव्हा दर आणि संख्या दोन्ही बघायचे. मी स्वतः असं विचारतो: याच जातीच्या रस्त्यावर, एवढ्याच रहदारीत जितके अपघात अपेक्षित, त्यापेक्षा इथे किती जास्त?

आणि ‘इथे झालेले’ हा आकडाही जसाच्या तसा घ्यायचा नसतो. समजा एका जागी सहा अपघात झाले आणि तशा प्रकारच्या जागांची सरासरी दोन आहे. सहातले काही दोषाचे, काही योगायोगाचे. दोन्हीला अर्धं-अर्धं वजन दिलं तर खरा धोका चारच्या आसपास धरावा. वजन नेमकं किती द्यायचं याची रीत आहे, तिला एम्पिरिकल बेज म्हणतात, आणि त्यात अपेक्षित अपघात जितके जास्त तितकं प्रत्यक्ष झालेल्यांचं वजन वाढतं. तुम्हाला सूत्राची गरज नाही, पण त्यामागचं कारण लक्षात ठेवा. सगळ्यात वाईट तीन वर्षं बघून जागा निवडली की पुढची तीन वर्षं काहीही न करता जरा बरी जातात. मग जो ब्लिंकर, म्हणजे लुकलुकणारा इशारा-दिवा, लावला त्याला श्रेय मिळतं. सोलर ब्लिंकरची अर्धी कीर्ती अशीच झालेली आहे.

म्हणजे तुमच्या १८ किलोमीटरसाठी माझा सल्ला असा. जुने अपघात मांडा, पण त्यांच्यामागे फार लागू नका, कारण ते थोडे आहेत. रस्ताच वाचा. दर शंभर मीटरला एक ओळ अशी वही करा, १८० ओळी होतील. जगभर रस्त्यांना एक ते पाच तारे देण्याची जी आयरॅपची पद्धत आहे ती शंभर मीटरच्या तुकड्यांवरच चालते, आणि गाडीतल्या माणसाचे, मोटरसायकलस्वाराचे, सायकलवाल्याचे, पायी चालणाऱ्याचे तारे वेगवेगळे देते. एकच रस्ता कारवाल्याला तीन तारे आणि शाळेच्या पोरांना एक असू शकतो. रुंदीकरण झालेल्या रस्त्यांवर तर हे हमखास दिसतं.

वहीत काय लिहायचं? लांब सरळ पट्ट्यानंतरचं पहिलं वळण, कारण तिथे वेग सगळ्यात जास्त असतो. रुंद रस्त्यावरची अरुंद मोरी. नवा डांबराचा थर चढवल्यावर साइडपट्टी किती खाली राहिली: मोटरसायकलचं चाक एकदा त्या पायरीवरून खाली गेलं की वर चढताना पडतोच, चार बोटांची पायरी पुरते. रस्त्यापासून तीन-चार मीटरच्या आतली झाडं आणि विजेचे खांब. गाव सुरू होतं तिथे चालकाला गाव आलं असं काही जाणवतं का, की ऐंशीच्या वेगातच तो एसटी थांब्यापर्यंत पोचतो? पेट्रोल पंप, दारूचं दुकान, मंगल कार्यालय, साखर कारखान्याचं फाटक, शाळा. चौपदरी झालेल्या लांबीत दुभाजकाचं तोंड कुठे आहे आणि लोक प्रत्यक्षात कुठून ओलांडतात? ढाब्यासमोर दुभाजकाचे दोन दगड काढलेले असतील तर तेही लिहा, कुणी काढले ते लिहायची गरज नाही.

हे एकदा दिवसा पायी किंवा सायकलवरून करा आणि एकदा रात्री मोटरसायकलवर, पावसाळ्यात जमलं तर उत्तम. कारमधून रस्ता कळत नाही. तपासणीच्या पथकांना मी सांगतो की एसीची गाडी गावाच्या वेशीवर उभी करा. रात्री समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांवर आला की कडेचा पांढरा पट्टा दिसतो का, एवढं एक बघितलं तरी पुष्कळ. हंगामात बिनारिफ्लेक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर रात्री किती अंतरावरून दिसतो, हेही मोजून बघा.

वही झाली की एकच काम मागू नका आणि दोनशेही मागू नका. सारख्या दोषांचे गठ्ठे बांधा: ‘या अकरा जागी साइडपट्टी भरून घ्या’, ‘या चार गावांच्या वेशीवर वेग उतरवायची व्यवस्था करा’, ‘या सहा मोऱ्यांना कठडे आणि परावर्तक खुणा’. अशी कामं नेहमीच्या देखभालीत बसतात, वेगळी मंजुरी क्वचित लागते. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे द्या आणि इतिवृत्ताची प्रत मागा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं कलम १९८-अ अर्जात जरूर लिहा. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल सुरक्षिततेच्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड आहे. रक्कम फार नाही. पण दोष तुम्ही तारखेनिशी लेखी कळवलेला असला की ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय राहत नाही, आणि फायली त्याने हलतात.

गावकरी सगळ्यात आधी गतिरोधक मागतात. गावरस्त्यावर ठीक, आणि तिथेही मापात: इंडियन रोड्स काँग्रेसप्रमाणे ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, आधी पाटी, वर रंग. रातोरात घातलेल्या मुरमाच्या किंवा डांबराच्या टेंगळांनी मोटरसायकलवर मागे बसलेल्या बायका पडतात. ते अपघात ‘स्वतःहून पडली’ म्हणून नोंदले जातात किंवा नोंदलेच जात नाहीत. राज्यमार्गावर वेशीजवळ रस्ता अरुंद भासवणं, मधोमध बेट, कडेला उंच पदपथ, आडवे पट्टे यांनी वेग जास्त भरवशाने उतरतो.

काम झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत काहीच झालं नाही म्हणून पेढे वाटू नका. मृत्यूंचा आकडा तुमच्या रस्त्यावर इतका लहान आहे की फरक दिसायला तीन वर्षं जातील, आणि तेव्हाही जिल्ह्यातल्या काम न झालेल्या तशाच रस्त्याशी तुलना करावी लागेल. तोवर वेग मोजा. वेशीवर काम होण्याआधी शंभर मोकळ्या, म्हणजे पुढे दुसरं वाहन आडवं नसलेल्या, गाड्यांचा वेग घ्या, तीन महिन्यांनी त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा घ्या. पन्नास मीटरच्या दोन खुणा आणि मोबाइलचं घड्याळ पुरतं: अडीच सेकंद लागले तर ताशी ७२, साडेचार लागले तर ४०.

पोलिसांकडून तक्ता आला की आधी महिना आणि वेळ हे दोन रकाने भरा. आणि वेशीवरचा पहिला मोजमापाचा दिवस कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत उरका, ट्रॉल्यांच्या रांगेत मोकळी गाडी सापडायची नाही.